शरीर, पाळी आणि मूल: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना काही प्रश्न रोज कानावर पडतात. ओपीडीत, विडी कामगारांच्या विडी घरकुल वसाहतीतल्या शिबिरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग कामगारांसमोर बोलताना, आणि शाळांमध्ये बिननावाच्या चिठ्ठ्यांतून. कुणी मराठीत विचारतं, कुणी तेलुगू किंवा कन्नड मिसळून, पण विचारायचं तेच असतं. मूल कसं राहतं, का राहत नाही, मुलगा की मुलगी हे कशानं ठरतं, हे बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं, आणि त्या अज्ञानाचा सगळा भार घरातल्या बाईवर पडतो. तो भार थोडा तरी उतरावा म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिते आहे. स्वतःच्या दुखण्यासाठी मात्र तपासणी करून घ्यावीच लागते.

बाईच्या ओटीपोटात नेमकं काय काय असतं?

लघवीच्या पिशवीच्या मागे आणि गुदाशयाच्या पुढे गर्भाशय, म्हणजे गर्भपिशवी असते. पोटात मूल नसताना ती मध्यम पेरूएवढी, साधारण साडेसात सेंटिमीटर लांब असते. तिची भिंत जाड स्नायूंची, आणि आतून मऊ अस्तर. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन गर्भनलिका निघतात, प्रत्येकी दहा-बारा सेंटिमीटरची. नलिकेच्या टोकाला झालर असते आणि ती शेजारच्या अंडाशयावर झुकलेली असते. अंडाशयं दोन, डावं आणि उजवं. त्यांत स्त्रीबीजं असतात आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, तिथेच तयार होतात. गर्भपिशवीचं तोंड खाली योनिमार्गात उघडतं.

बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळ्या जागा आहेत: पुढे लघवीचं छिद्र, मध्ये योनिमुख, मागे शौचाची जागा. तीन बाळंतपणं झालेल्या बायकाही मला विचारतात, ‘लघवी आणि पाळी एकाच वाटेनं येते ना?’ येत नाही. तांबी, म्हणजे मूल राहू नये म्हणून गर्भपिशवीत ठेवायचं साधन, बसवली तर लघवी अडेल का, ही भीती त्यातूनच येते. लघवीच्या छिद्राच्या वर शिश्निका असते. सुखाची संवेदना देणं एवढंच तिचं काम. शाळेच्या आकृतीत ती बहुधा नसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

दर महिन्याला नवं बीज तयार होतं का?

नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती फार तर चारशे-पाचशे. नवी भर पडत नाही. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगानं घसरतात ती म्हणूनच. पुरुषाचं तसं नसतं, त्याच्या शरीरात शुक्राणू रोज नव्यानं तयार होतात. वयाचा परिणाम त्याच्यावरही होतो, पण हळूहळू.

पाळी का येते? ते खराब रक्त असतं का?

पाळीची सुरुवात पोटात होत नाही, डोक्यात होते. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची छोटी ग्रंथी असते. ती एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते आणि अंडाशयात काही बीजं वाढू लागतात. त्यांतलं एक पुढे जातं, बाकीची विरून जातात. वाढणाऱ्या बीजाभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात आणि त्यामुळे गर्भपिशवीचं अस्तर जाड होत जातं. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की पियुषिकेतून एलएच हे दुसरं संप्रेरक एकदम उसळतं, आणि त्यानंतर सुमारे छत्तीस तासांत बीज अंडाशयातून बाहेर पडतं. नलिकेची झालर ते आत ओढून घेते.

बीज जिथून निघालं तिथे मागे एक पिवळसर गाठ उरते. ती प्रोजेस्टेरॉन सोडते, त्यामुळे अस्तर टिकतं आणि गर्भ रुजण्यासाठी तयार होतं. गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांनी ती गाठ आटते, प्रोजेस्टेरॉन घसरतं, आणि आधार गेलेलं अस्तर रक्तासोबत बाहेर पडतं. हीच पाळी. अंगात दुसरीकडे वाहतं तेच हे रक्त, सोबत अस्तराचे कण. त्यात घाण काही नसतं. चार-पाच दिवस मिळून ते साधारण तीस-चाळीस मिलिलिटर जातं. ऐंशीच्या पुढे गेलं तर जास्त समजायचं.

मोजून कोणी बघत नाही, म्हणून ओळखायची खूण सांगते. तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, रात्री उठून बदलावं लागत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर रक्तस्राव जास्त आहे. अशा बाईचं हिमोग्लोबिन तपासलंच पाहिजे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि ‘बायकांना एवढं चालायचंच’ म्हणून त्या जिना चढताना धापा टाकत राहतात.

अठ्ठावीस दिवसांनीच यायला पाहिजे का?

२१ ते ३५ दिवसांत कधीही आली तरी ठीक. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मुलींची ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही तर मात्र दाखवा.

पाळीत लोणच्याला हात लावला तर ते नासतं का? देवाचं काय?

लोणचं ओल्या चमच्यानं नासतं. देवघरात जावं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, शरीराच्या बाजूनं अडचण काहीच नाही. पाळीत रोज आंघोळ करावी, डोक्यावरूनही चालते. कापड वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवलेलं कापड ओलसर राहतं आणि खाज, जंतुसंसर्ग तिथून सुरू होतो.

तुळजापूरला चालत जायचंय, पाळी पुढं ढकलायची गोळी देता का?

कोजागरीच्या आधी, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी आणि आषाढीला हा प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा येतो. गोळी कशी काम करते ते आधी समजून घ्या. तिच्यात प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम संप्रेरक असतं. शरीरातलं प्रोजेस्टेरॉन घसरायच्या आत ती सुरू केली की अस्तराचा आधार टिकतो आणि पाळी येत नाही. थांबवली की दोन-तीन दिवसांत येते. म्हणून तारखेच्या आधी तीन दिवस सुरू करावी लागते. निघायच्या आदल्या रात्री मेडिकलमधून घेऊन उपयोग होत नाही, उलट मधूनच डाग पडायला लागतात.

वर्षातून एखाद्या वेळी, डॉक्टरला विचारून घेतली तर बहुतेक बायकांना ती सोसते. पायाच्या शिरेत पूर्वी रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत असेल, तर घेऊ नये. गर्भ राहिल्याची शंका असेल तर आधी लघवीची तपासणी. आणि या गोळीनं गर्भ राहायचा थांबत नाही, ती गर्भनिरोधक नव्हे. प्रत्येक सणाला, प्रत्येक पूजेला सुनेला गोळी घ्यायला लावणाऱ्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे की हे थांबवा.

मुलीची पाळी दोन-दोन महिनं येईना झालीय, तोंडावर पुरळ आलंय. गाठी आहेत म्हणतात.

बऱ्याचदा हा पीसीओएस असतो. यात बीज वेळेवर पक्व होऊन बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या, कापून काढायच्या गाठी नव्हेत. मूल होणार नाही असंही नाही. वजन थोडं उतरलं तरी अनेक मुलींची पाळी सुरळीत होते, काहींना औषध लागतं. थायरॉइडही तपासून घ्या. लग्नानंतर सगळं आपोआप बरं होतं, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अंगावरून पांढरं जातं, त्यानं हाडं झिजतात का?

हाडांचा त्याच्याशी काही संबंध नाही. योनिमार्ग स्वतःला ओला आणि स्वच्छ ठेवतो, त्यासाठी पांढरट पाणी सुटतं. पाळीच्या मधल्या दिवसांत, बीज सुटायच्या सुमारास, ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं तार धरतं. दह्यासारखं, हिरवट-पिवळं, माशासारख्या वासाचं किंवा खाज-जळजळ असेल तर संसर्ग आहे, आणि त्याला औषध आहे. नवऱ्यालाही उपचार लागतो का ते डॉक्टर सांगतील. कंबर दुखते ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्यानं, वाकून काम केल्यानं आणि रक्त-कॅल्शियम कमी असल्यानं. तिच्यावर वेगळा उपाय करायला हवा.

पुरुषाच्या शरीरात काय काय घडतं?

हा प्रश्न बायकाच जास्त विचारतात, पुरुषांनी विचारायला हवा.

वृषणं दोन, शरीराबाहेर वृषणकोशात. बाहेर असण्याला कारण आहे. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. थंडीत कोश आक्रसून वृषणं वर ओढतो, उन्हात सैल सोडतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७० दिवस लागतात, मग ते अधिवृषणात जातात. ही गुंडाळी उलगडली तर सहा मीटर भरेल अशी बारीक नळी आहे. तिथून जाताना शुक्राणूंना पोहण्याची ताकद येते. म्हणजे आज बाहेर पडणारे शुक्राणू जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी तयार व्हायला लागलेले असतात. तंबाखू सोडली, ताप उतरला, उपचार सुरू केले, तरी फरक दिसायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. पंधरा दिवसांत ‘काउंट वाढवून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

पुढे शुक्रवाहिनी, तिला मिळणारं शुक्राशयाचं पाणी, मग प्रोस्टेट ग्रंथीचं. वीर्यात शुक्राणूंचा वाटा दोन ते पाच टक्केच, बाकी हे पाणी. वीर्य आणि लघवी शिश्नातून एकाच वाटेनं येतात, पण वीर्य येताना लघवीच्या पिशवीचं तोंड आवळलं जातं, म्हणून दोन्ही एकत्र येत नाहीत.

सोलापूरच्या उन्हाबद्दल विचारतात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला म्हणून कोणी वांझ होत नाही. मात्र भट्टीसमोर, डाइंगच्या वाफेत तासन्‌तास उभं राहणाऱ्यांनी सैल सुती कपडे घालावेत, मधूनमधून बाहेर यावं, पाणी प्यावं. विडी, सिगारेट, मावा, गुटखा यांनी शुक्राणूंचं नुकसान होतं, दारूनंही होतं. आणि मुलगा जन्मल्यावर दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत का, हे आईबापांनी बघावं. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाहीत तर बालशल्यचिकित्सकाला दाखवा. पहिल्या वर्ष-दीड वर्षात छोटी शस्त्रक्रिया केली तर पुढचं नुकसान बरंच टळतं.

रात्री झोपेत वीर्य जातं. शक्ती कमी होते का? हस्तमैथुनानं नामर्द होतो का?

नववी-दहावीच्या वर्गात चिठ्ठ्या मागवल्या की मुलांच्या अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांत हेच असतं. एका चिठ्ठीत अक्षर इतकं बारीक केलं होतं की ती उजेडाला धरून वाचावी लागली: ‘शंभर थेंब रक्ताचा एक थेंब होतो, माझं किती रक्त गेलं असेल?’ बाळा, अजिबात गेलेलं नाही. वीर्य रक्तापासून बनत नाही. ते ग्रंथींत रोज बनतं, साठलं की झोपेत बाहेर पडतं, आणि तू वयात येतोयस एवढाच त्याचा अर्थ. हस्तमैथुनानं डोळे जात नाहीत, शिश्न वाकडं होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. स्टँडजवळच्या भिंतीवर ‘गुप्तरोग’ रंगवून बसलेले लोक मुलांच्या याच भीतीवर पैसे कमावतात. लिंगाच्या लांबीचंही तसंच: मूल होण्याशी तिचा संबंध नाही.

गर्भ राहतो तो नेमका कोणत्या दिवसांत?

अंडाशयातून सुटलेलं बीज १२ ते २४ तास जगतं. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस महत्त्वाचे. आता बीज कधी सुटतं? पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. २८ दिवसांची पाळी असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, ३५ दिवसांची असेल तर एकविसाव्या, २४ दिवसांची असेल तर दहाव्या. पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्त दिसलेला पहिला दिवस. मूल हवं असणाऱ्यांनी या काळात दिवसाआड संबंध ठेवले तरी पुरे. घड्याळ लावून, सासूनं तारीख सांगून काही साधत नाही, उलट दोघांनाही ताण येतो.

एका वेळी कोट्यवधी शुक्राणू निघतात, त्यांतले काही शेच नलिकेपर्यंत पोचतात. नलिकेतच एक शुक्राणू बीजात शिरतो आणि बीजाचं आवरण बाकीच्यांना बंद होतं. गर्भपिशवीत नव्हे, नलिकेत. तिथून विभागत विभागत तो गोळा चार-पाच दिवसांत पिशवीत येतो आणि सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान अस्तरात रुजतो. रुजल्यावर एचसीजी नावाचं संप्रेरक सुटतं, घरच्या लघवीच्या तपासणीत दिसतं ते हेच. म्हणून पाळी चुकण्याआधी केलेली तपासणी फसवी ठरू शकते.

‘सुरक्षित दिवस’ मोजून मूल टाळणारे फसतात, कारण ताप, प्रवास, चिंता यांनी बीज मागेपुढे सुटतं.

पहिल्या रात्री रक्त आलं नाही, म्हणजे?

म्हणजे काहीही नाही. योनिमुखाशी असलेला पडदा कुणाचा पातळ, कुणाचा लवचीक, कुणाचा जन्मापासून नावापुरता असतो. अनेकींना पहिल्या संबंधात रक्त येतच नाही. मुलगी ‘कोरी’ आहे की नाही हे सांगणारी कुठलीही तपासणी वैद्यकशास्त्रात नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये अशा तपासण्या बंद करा असं स्पष्ट सांगितलं आहे. या कारणावरून मुलीला माहेरी पाठवल्याचं मी पाहिलं आहे. ते अन्यायाचं आहे, दुसरा शब्द नाही.

तिला तीन मुलीच झाल्या. तिच्यात काय दोष आहे?

बाईच्या प्रत्येक बीजात एक्स गुणसूत्र असतं, फक्त एक्स. पुरुषाच्या शुक्राणूंत साधारण अर्ध्यांत एक्स, अर्ध्यांत वाय. एक्सवाला शिरला तर मुलगी, वायवाला शिरला तर मुलगा. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेनं १९०५ मध्ये किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नराच्या गुणसूत्रावर लिंग ठरतं हे दाखवून दिलं. तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं झाली आणि आपल्याकडे अजून सुनेला विचारलं जातं. नवऱ्याचाही यात दोष नसतो, कोणता शुक्राणू पोचेल हे त्याच्या हातात नाही. चौथ्या वेळी ‘आता मुलगाच’ असंही नसतं, प्रत्येक वेळी शक्यता पुन्हा निम्मी-निम्मी.

मुलगा होण्याचं औषध म्हणून गरोदर बायकांना पुड्या देतात. त्या घेऊ नका. गर्भ राहतो त्या क्षणीच लिंग ठरलेलं असतं, पुडीनं ते बदलत नाही, आतल्या संप्रेरकांनी किंवा जड धातूंनी बाळाला इजा मात्र होऊ शकते. सोनोग्राफीत लिंग सांगणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, त्याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. सांगणारा डॉक्टर आणि विचारणारे घरचे, दोघेही कचाट्यात सापडतात.

लग्नाला तीन वर्षं झाली, दिवस राहिना. आधी कुणाला तपासायचं?

दोघांना, एकाच वेळी.

काही महिन्यांपूर्वी एक बाई सासूसोबत आली. कॅरीबॅगमध्ये जाडजूड फाइल. एकावर एक सोनोग्राफ्या, नलिका तपासल्याचा एक्स-रे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दोन ठिकाणच्या हार्मोनच्या तपासण्या. मी सगळं उलटून पाहिलं आणि नवऱ्याच्या तपासणीचा कागद शोधला. नव्हता. ‘त्याला कशाला, तो चांगला धडधाकट आहे,’ सासूबाई म्हणाल्या. ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. नवऱ्याला बोलावलं, वीर्यतपासणी केली, शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. पुढे दोघांवर नीट उपचार सुरू झाले, पण त्या आधीची पोटावरची शस्त्रक्रिया आणि ऐकून घेतलेले शब्द तिच्याकडेच राहिले.

मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण एक तृतीयांश वेळा कारण पुरुषात, एक तृतीयांश वेळा बाईत, आणि उरलेल्यांत दोघांत मिळून असतं किंवा सापडतच नाही. धडधाकट असण्याचा, मिशीचा, संबंध ठेवता येण्याचा शुक्राणूंच्या संख्येशी संबंध नाही. वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त आणि बिनदुखणी, म्हणून ती पहिली व्हावी. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा. कमी आले तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, एका कागदावर निकाल लावत नाहीत. बऱ्याच पुरुषांत वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात, त्यावर उपाय आहे.

बाईत बघायचं ते दोन गोष्टींचं: बीज सुटतं का, आणि नळ्या मोकळ्या आहेत का. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे पोटातला क्षयरोग हे एक महत्त्वाचं कारण आहे, घरात कुणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरला सांगा.

कधी जायचं? बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीपुढे सहा महिन्यांनी. आयव्हीएफ, म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून तयार झालेला गर्भ पिशवीत सोडणं, ही शेवटची पायरी. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून आपलं पहिलं, आणि मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ मध्ये. तंत्र आता सरावाचं झालं आहे, पण खर्च मोठा आणि प्रत्येक वेळी यश नसतं. शेत गहाण टाकण्याआधी साध्या तपासण्या पूर्ण झाल्या का, हे विचारा.

नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, मग डॉक्टर चाळीस आठवडे कसे मोजतात?

डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. म्हणजे त्या पहिल्या दिवसाच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख येते, जुन्या बायकांचा हिशोब फार दूर नव्हता. त्या तारखेला नेमकं बाळंतपण थोड्यांचंच होतं, दोन आठवडे अलीकडे-पलीकडे चालतं. बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून, नाळेवाटे मिळतो. आईचं आणि बाळाचं रक्त वारेत शेजारून वाहतं, एकमेकांत मिसळत नाही.

गरोदरपणात मिश्री लावली तर चालेल का?

नाही. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मुंबईत गरोदर बायकांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमनं हलकी भरली. अक्का, सवय एकदम सुटत नाही हे मला माहीत आहे. पण जमतील तितके दिवस तरी सोडा, आणि विड्या वळत असाल तर हात धुतल्याशिवाय जेवू नका.

पाळणा लांबवायला काय चांगलं?

प्रत्येकीला वेगळं. तांबी प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षं चालते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी. छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरक नसलेली गोळी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ही सगळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निरोधनं संसर्गही टळतो. संबंधानंतरची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. दर महिन्याला ती घेणं बरोबर नाही.

पुरुष नसबंदीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती कुणी करत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी स्वतःची शस्त्रक्रिया केलेली होती, आणि ०.३ टक्के घरांत पुरुषानं. बाईचं पोट उघडावं लागतं. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी वृषणकोशाच्या कातडीतून वीसेक मिनिटांत होते. फक्त शुक्रवाहिनी बंद केली जाते. पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, नळीतून नाही, त्यामुळे ताकद, इच्छा, दाढी, कष्टाची कामं, सगळं तसंच राहतं. वीर्यही येतं, त्यात शुक्राणू नसतात एवढंच. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून खात्री करायची. ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, समाजाचा रोष पत्करून.

नको असलेला गर्भ पाडायला नवऱ्याची सही लागते का?

नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं, काही परिस्थितींत चोवीसपर्यंत दोघांचं. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरी घेऊ नका. गर्भ नलिकेत अडकलेला असेल तर जिवावर बेततं.

मुलं झालीत, आता पिशवी काढून टाकावी का? कटकटच नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायका हे विचारतात तेव्हा पोटात कालवतं. एक दिवस सुट्टी घेतली तर खाडा, म्हणजे दंड, भरावा लागतो, म्हणून पाळीच नको, असा तो हिशोब असतो. बीड जिल्ह्यातल्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जाणं, कंबरदुखी, थोडा जास्त रक्तस्राव ही पिशवी काढायची कारणं नव्हेत. औषधं आहेत, पिशवीत बसवायची संप्रेरकाची तांबी आहे. मोठ्या गाठी, कॅन्सर, कशालाच न थांबणारा रक्तस्राव असेल तेव्हाच काढावी लागते. तिशीत पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास लगेच सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं कुणी घाबरवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी कशी करतात?

हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि व्हायला बरीच वर्षं लागतात, म्हणून आधी पकडता येतो. आपल्या भागानं याबाबत जगाला शिकवलं आहे. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पुढे शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांवर टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्यांच्या जवळजवळ निम्मे. खेड्यापाड्यातल्या आपल्याच बायकांनी दिलेला हा पुरावा आहे. तिशीनंतर तपासणी करा, दोन मिनिटं लागतात, दुखत नाही. मुलींना ९ ते १४ वयात लस दिली तर सर्वांत जास्त उपयोग होतो, पुण्याच्या सीरम संस्थेची स्वदेशी लसही आता मिळते.

पाळी जाते तेव्हा काय होतं?

अंडाशयातली बीजं संपत येतात, इस्ट्रोजेन कमी होतं. पंचेचाळीस ते पन्नाशीच्या आसपास पाळी मागेपुढे होते, अंगातून वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते, योनिमार्ग कोरडा पडतो. सलग बारा महिने आली नाही की पाळी गेली असं समजायचं. त्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी लगेच तपासायचं, ‘पुन्हा सुरू झाली’ म्हणून गप्प बसायचं नाही.

मुलांना हे सगळं कुठल्या वयात सांगायचं?

मुलीला पाळीबद्दल नवव्या वर्षी, येण्याआधी. मुलग्याला झोपेत वीर्य जाण्याबद्दल अकराव्या-बाराव्या वर्षी, आणि पाळीबद्दलही, कारण त्याची बहीण, वर्गमैत्रीण, पुढे बायको त्यातूनच जाणार आहे. अंगाच्या भागांची नावं आणि नको असलेला स्पर्श याबद्दल तर तीन-चार वर्षांच्या लेकराला सांगायला हवं. बापानं मुलाशी बोलावं. जमत नसेल तर मामा, काका, शिक्षक, डॉक्टर यांची मदत घ्या.

थांबू नका, लगेच निघा असं कधी?

पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला असह्य दुखणं, चक्कर, खांद्यात कळ: गर्भ नलिकेत असू शकतो. गरोदरपणात रक्त जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल कमी होणं. बाळंतपणानंतर पॅडमागून पॅड भिजणं. मुलग्याच्या वृषणात अचानक जोराची कळ येऊन उलटी होणं: वृषण पिळलं गेलेलं असू शकतं, सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते बहुधा वाचतं. मुलं लाजेनं सकाळपर्यंत सांगत नाहीत, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा. रात्री-अपरात्री सिव्हिलचा अपघात विभाग उघडा असतो, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. निघताना शेवटच्या पाळीची तारीख, चालू औषधं आणि जुनी फाइल सोबत घ्या.